जर्मनीला निघालेल्या मुलीचे बँक खाते: तिथले आणि इथलेही

रावेर तालुक्यातील एका केळी उत्पादक पालकांनी विचारले आहे की त्यांच्या कन्येला जर्मनीतील एका विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला असून सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. तेव्हा तिचे तिथले बँक खाते इथूनच उघडून घ्यावे की तिकडे पोचल्यावर, पैसे कोणाच्या खात्यातून व कसे पाठवावेत, तिचे तालुक्याच्या बँकेतले बचत खाते आहे तसेच ठेवले तर चालेल का, आणि जाताना तिच्याजवळ रोख किती द्यावी. जळगावातील एका बँकेच्या परकीय चलन विभागात माझी एकोणीस वर्षे गेली आणि निवृत्तीनंतरही चोपडा, यावल, भुसावळकडची अशीच कुटुंबे कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात. त्या अनुभवावर हे उत्तर लिहीत आहे.

आपण एका खात्याविषयी विचारले असले तरी व्यवहारात तीन खाती आहेत. पहिले व्हिसासाठी लागणारे, पैसे रोखून ठेवणारे खाते, जे इथूनच उघडते. दुसरे रोजच्या वापराचे, जे तिथे पोचल्यावर उघडते. तिसरे तिचे इथले जुने बचत खाते, ज्याचा प्रकार ती गेल्यावर बदलावा लागतो. पहिल्या दोन खात्यांची सर्वजण काळजी करतात आणि तिसऱ्याचा विचार बहुधा कोणी करत नाही. माझ्याकडे आलेली सर्वांत किचकट प्रकरणे या तिसऱ्या खात्यातूनच निघाली आहेत, म्हणून त्याविषयी पुढे अधिक लिहीन.

पहिल्या खात्याला जर्मन भाषेत श्पेरकोन्टो म्हणतात. विद्यार्थ्याजवळ वर्षभराच्या खर्चाची सोय आहे हे व्हिसा देताना पाहिले जाते आणि ती दाखवण्याचा सर्वांत रूढ मार्ग हे खाते आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून त्यासाठी वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२ युरो, अशी रक्कम ठरलेली आहे. त्यापूर्वी ती ११,२०८ होती, म्हणजे आकडा अधूनमधून वाढतो. म्हणून गेल्या वर्षी गेलेल्या मुलाकडून ऐकलेला आकडा धरू नये, अर्ज करताना वाणिज्य दूतावासाच्या संकेतस्थळावर असलेलाच धरावा. खाते मुलीच्याच नावे असते, पारपत्राच्या आधारे इंटरनेटवरून उघडता येते, आणि त्यात पूर्ण रक्कम जमा झाल्यावर मिळणारे पुष्टिपत्र व्हिसाच्या अर्जाला जोडायचे असते. तिथे पोचल्यावर मात्र ही रक्कम एकदम हाती येत नाही, दरमहा ९९२ युरो याप्रमाणेच सुटते.

अर्ज भरण्याआधी नावाकडे पाहावे. आपल्याकडे मुलीचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पारपत्रात वडिलांचे नाव कधी पहिल्या नावाच्या रकान्यात मुलीच्या नावाला जोडून येते, कधी मुळीच येत नाही, आणि गुणपत्रिकेवर तर आडनाव सर्वांत आधी छापलेले असते. त्यात स्पेलिंगचा घोळ वेगळाच. चौधरी हे एकच आडनाव माझ्यापुढे एकाच घरातील तिघांच्या कागदांवर तीन प्रकारे आले होते: एकाने सुरुवातीला ‘ए-यू’ लिहिलेले, दुसऱ्याने ‘ओ-यू’, आणि तिसऱ्याच्या शेवटी ‘आय’च्या जागी ‘वाय’. खानदेशात यावर कोणाचे अडत नाही, कारण शाखेतला रोखपाल घराणे ओळखतो. परदेशी बँकेला फक्त पारपत्राच्या पानाखालच्या दोन ओळींमधली अक्षरे कळतात. तेव्हा श्पेरकोन्टोचा अर्ज, विद्यापीठाचे प्रवेशपत्र, आरोग्य विमा आणि पॅन या सर्वांवर पारपत्राप्रमाणेच, अक्षर न् अक्षर, नाव असावे. पॅनवर वेगळे असेल तर ते निघण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावे, कारण पॅनचे काम तिकडेही पडते. ते का, हे पुढे येईल.

आता पैसे पाठवण्याविषयी. आपण लिहिले आहे की बागेचे पैसे बहुतांशी गावच्या पतसंस्थेत आहेत. परदेशी रक्कम पाठवण्याचा परवाना पतसंस्थेला नसतो, तो रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकेलाच असतो. म्हणून ही रक्कम आधी आपल्या स्वतःच्या नावाच्या अशा बँकेतील खात्यात आणावी लागेल, आणि हे काम शेवटच्या आठवड्यावर न ठेवता दोन-तीन महिने आधी करावे. खात्यात अचानक बारा लाख आले आणि चौथ्या दिवशी ते परदेशी निघाले, असे दिसल्यास बँक पैशाचा उगम विचारणार, आणि ते तिचे कामच आहे. सातबारा, व्यापाऱ्याच्या हिशोबपट्ट्या, पतसंस्थेचा वर्षभराचा खातेउतारा आणि मुदत ठेव मोडली असेल तर तिची पावती एवढे कागद बरोबर असले की हा प्रश्न एका भेटीत मिटतो. यंदाचा माल जायचा असेल तर व्यापाऱ्याकडून रक्कम रोख न घेता खात्यावरच घ्यावी. जाता जाता सांगतो, बँकेतील ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. मुलीच्या शिक्षणाची रक्कम कुठे ठेवायची ते ठरवताना हे लक्षात असावे. पतसंस्था बुडताना पाहिलेल्या जळगाव जिल्ह्यातल्या माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवण्याची मुभा आहे, त्यामुळे आपली रक्कम मर्यादेच्या फार आत आहे. लक्ष द्यायचे ते टीसीएसकडे, म्हणजे पाठवतानाच बँक जो आगाऊ कर गोळा करते त्याकडे. १ एप्रिल २०२५ पासून एका व्यक्तीने एका आर्थिक वर्षात पाठवलेल्या पहिल्या १० लाख रुपयांवर हा कर लागत नाही. हिशेबासाठी युरोचा भाव १०० रुपये धरला तर ११,९०४ युरोचे ११,९०,४०० रुपये होतात आणि कर फक्त वरच्या १,९०,४०० रुपयांवर लागतो. पण तो कोणत्या दराने लागेल हे आपण अर्जात कोणते कारण लिहिता यावर ठरते. शिक्षणासाठी दर अगदी कमी आहे. ‘नातेवाइकाचा चरितार्थ’ किंवा ‘भेट’ असे लिहिले तर तो २० टक्के होतो. शाखेतला नवखा कर्मचारी संगणकावर जे कारण वर दिसते तेच निवडून टाकतो, म्हणून सही करण्यापूर्वी तो रकाना स्वतः वाचावा आणि प्रवेशपत्राची प्रत जोडावी. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून रक्कम जात असेल तर टीसीएस लागतच नाही. गोळा झालेला कर बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र केवळ शेतीचे उत्पन्न असलेले अनेक पालक विवरणपत्रच भरत नाहीत आणि आपलेच पैसे सरकारकडे ठेवून देतात. दहा लाखांची मर्यादा प्रत्येकाच्या पॅनला स्वतंत्र असल्याने वरची रक्कम मुलीच्या आईच्या खात्यातून, तिच्या स्वतःच्या पैशातून, पाठवता येते. पण श्पेरकोन्टो देणाऱ्या संस्थेला दोन हप्ते चालतात का हे आधी विचारून घ्यावे.

चलनाच्या भावाचेही पाहावे. केळीचा भाव आपण रोज सकाळी पाहता, मग हुंडणावळीकडेही तशीच नजर हवी. बँकेचा फलकावरचा भाव हा शेवटचा भाव नसतो, बारा लाखांच्या व्यवहारात शाखाधिकाऱ्याने वरच्या कार्यालयाला दूरध्वनी केला तर काही पैसे खाली येतात. युरोमागे पन्नास पैसे सुटले तरी या रकमेवर ५,९५२ रुपये वाचतात. दुसरी गोष्ट, रक्कम वाटेत एखाद-दुसऱ्या मध्यस्थ बँकेतून जाते आणि ती आपला आकार कापून घेते. माझ्याच टेबलावरून गेलेले एक प्रकरण सांगतो. भुसावळच्या एका मुलाची रक्कम आम्ही नेमकी पाठवली, वाटेत काही युरो कापले गेले, पलीकडे ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी जमा झाले आणि पुष्टिपत्र अडले. राहिलेले थोडे युरो पाठवायला पुन्हा तेवढाच खर्च आणि आठ दिवस लागले, तोवर त्याची व्हिसाची भेट हुकली. चूक मुलाची नव्हती, माझी होती. सर्व आकार पाठवणाऱ्याने सोसावेत हा पर्याय मी अर्जावर निवडलाच नव्हता. तो पर्याय निवडावा, तरीही शंभरेक युरो जास्त पाठवावेत, आणि श्पेरकोन्टो देणाऱ्या संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक संदेशाच्या रकान्यात न विसरता लिहावा, नाहीतर आलेले पैसे कोणाचे हे त्यांना कळत नाही. तालुक्याच्या शाखेतून कागद जळगावला आणि तिथून पुढे मध्यवर्ती कार्यालयात जातात, त्यामुळे चार-पाच कामाचे दिवस हाताशी ठेवावेत.

आता तिथल्या चालू खात्याकडे वळू. त्याला गिरोकोन्टो म्हणतात आणि श्पेरकोन्टोतले दरमहाचे ९९२ युरो त्यातच येतात. ते इथून उघडण्याचा आटापिटा करू नये. जर्मनीतल्या कारभाराची गाठ पत्त्यापाशी असते. घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते, तिला आनमेल्डुंग म्हणतात, आणि त्या नोंदीसाठी घरमालकाने लिहून दिलेले राहत असल्याचे प्रमाणपत्र लागते. नोंद झाली की तिचा दाखला मिळतो, बहुतेक बँका तो मागतात, आणि पुढे काही आठवड्यांत अकरा अंकी कर ओळख क्रमांक टपालाने घरी येतो. मोठ्या शहरांत नगर कार्यालयाची वेळ मिळायलाच दोन-तीन आठवडे जातात, म्हणून घराचा पत्ता पक्का होताच, विमानात बसण्यापूर्वीच, ती वेळ इंटरनेटवरून घेऊन ठेवावी. विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली तर ही सारी साखळी सुरळीत चालते. तात्पुरत्या हॉटेलात किंवा मैत्रिणीच्या खोलीवर राहिल्यास मालक प्रमाणपत्र देत नाही आणि सगळेच खोळंबते.

पत्ता आला म्हणजे टपालपेटी आली. इमारतीच्या दाराशी प्रत्येक खोलीची पेटी असते आणि तिच्यावर नाव चिकटवलेले असते. पोस्टमन घर क्रमांक पाहत नाही, नाव पाहतो. बँकेचे कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, दोन-तीन दिवसांच्या अंतराने येते. पेटीवर आपल्या मुलीचे आडनाव नसेल तर दोन्ही पाकिटे मुकाट्याने परत जातात. माझ्या पुतण्याचे असेच झाले: पेटीवर जुन्या भाडेकरूचे नाव, आणि हा पठ्ठ्या रोज मला फोनवर सांगतो की बँक फार हळू आहे. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खोलीतल्या मुलाने त्याला पेटी दाखवली. त्याने वहीचा कागद कापला, त्यावर ‘पाटील’ लिहून चिकटपट्टीने लावला, आणि नव्याने मागवलेले कार्ड आठवड्यात आले. मुलगी खोलीत सामान ठेवेल त्याच संध्याकाळी हे काम तिने करावे.

बँक कोणती, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. गावोगावच्या श्पारकासे व फोल्क्सबांक या शाखा असलेल्या बँका आणि केवळ मोबाइलवर चालणाऱ्या बँका असे दोन प्रकार ढोबळमानाने दिसतात, आणि विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी मासिक आकार माफ असतो. मोबाइलवरच्या बँकेचे खाते लवकर उघडते, पण भारतीय पारपत्र प्रत्येकीच्या व्हिडिओवरील ओळख तपासणीत चालतेच असे नाही. तसे झाल्यास टपाल कार्यालयात जाऊन ओळख पटवण्याची पोस्टइडेंट नावाची सोय असते. मी तरी पहिल्या वर्षी शाखा असलेली बँक सुचवीन, कारण काही अडले तर समोर माणूस असतो. एखाद्या बँकेने खाते नाकारले तर घाबरून जाऊ नये. युरोपीय संघाच्या २०१४ च्या निर्देशानुसार तिथे कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला मूलभूत खात्याचा हक्क आहे, जर्मनीत त्या खात्याला बाझिसकोन्टो म्हणतात आणि ते २०१६ पासून मिळते. त्या नावाने छापील अर्ज दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो, आणि नकार दिल्यास वित्तीय पर्यवेक्षण संस्थेकडे, म्हणजे बाफिनकडे, दाद मागता येते. तिथल्या बँकेतील ठेवीला एका बँकेत माणशी १ लाख युरोपर्यंत संरक्षण असते, त्यामुळे पैशाच्या सुरक्षिततेची चिंता आपण करू नये.

खाते उघडताना बँक तिला करनिवासाचे स्वयंघोषणापत्र भरायला देईल, म्हणजे ती कोणत्या देशात कर भरण्यास पात्र आहे आणि तिथला तिचा कर क्रमांक काय, हे विचारील. भारताच्या रकान्यात पॅन लिहायचा असतो. इथे पुष्कळ मुले ‘लागू नाही’ असे लिहून मोकळी होतात, ते चुकीचे आहे. २०१७ पासून भारत आणि जर्मनी दोघेही खात्यांची माहिती परस्परांना देणाऱ्या व्यवस्थेत आहेत. आणखी एक लहानशी बाब: तिथे हजारासाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, म्हणजे कागदावर ‘१.०००’ दिसले तर ते एक हजार युरो आहेत, एक युरो नव्हे. घरभाड्याच्या करारात हे उलटे वाचलेली मुले मी पाहिली आहेत.

रोजच्या व्यवहारात तिला सर्वांत नवे वाटेल ते लास्टश्रिफ्ट. विमा कंपनी, दूरध्वनी कंपनी यांना खात्यातून परस्पर रक्कम ओढण्याची परवानगी द्यायची आणि त्यांनी ठरल्या दिवशी ती ओढायची, अशी ही पद्धत आहे. खात्यात पैसे नसतील तर दंड बसतो आणि तो पुन्हा पुन्हा बसला तर पतनोंदीवर परिणाम होतो. दुसऱ्या बाजूने ही पद्धत ग्राहकाला संरक्षणही देते. परवानगी दिलेली असली तरी ओढलेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत परत मागता येते, आणि परवानगी नसताना ओढली असेल तर तेरा महिन्यांपर्यंत. घराची अनामत रक्कम घर तापवण्याचा व पाण्याचा खर्च वगळून धरलेल्या तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. खोली न पाहता जळगावहून अनामत पाठवण्याची मागणी कोणी केली, किल्ली टपालाने पाठवतो असे सांगितले, तर ती फसवणूक समजावी.

मुलीला समोर बसवून एक गोष्ट आपण स्वतः सांगावी, कारण बँकेतला माणूस ती सांगत नाही. समाजमाध्यमांवर किंवा ओळखीच्या ओळखीतून कोणीतरी विचारतो की तुझ्या खात्यात दोन हजार युरो येतील, त्यातले शंभर तू ठेव आणि बाकीचे मी सांगतो तिकडे पाठव. ते पैसे चोरीचे असतात आणि खाते जिच्या नावे तीच पोलिसांच्या कागदावर येते. आपण काय करतो हे माहीत नव्हते, ही सबब सहसा चालत नाही, खाते बंद होते आणि पुढे निवास परवान्यालाही धोका पोचतो. ‘दोन दिवस तुझे कार्ड दे’ ही विनंती गावाकडच्या मित्राने केली तरी उत्तर तेच असावे.

आता तिसरे खाते. परकीय चलन कायद्याप्रमाणे, म्हणजे १९९९ च्या फेमा कायद्याप्रमाणे, शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी अनिवासी समजला जातो, आणि रिझर्व्ह बँकेने हे २००३ मध्येच स्पष्ट केलेले आहे. म्हणून तिचे तालुक्याच्या बँकेतले बचत खाते ‘निवासी’ म्हणून पुढे चालवता येत नाही, त्याचे रूपांतर एनआरओ खात्यात, म्हणजे इथल्या रुपयांच्या व्यवहारासाठी असलेल्या अनिवासींच्या खात्यात, करून घ्यावे लागते. त्यासाठी व्हिसाची प्रत, परदेशातील पत्ता आणि पारपत्र पुरते. खाते क्रमांक बँकेप्रमाणे तोच राहतो किंवा बदलतो. या खात्यात आपण इथून रुपये भरू शकता आणि जवळचा निवासी नातेवाईक या नात्याने आपले नाव त्यात दुसरे धारक म्हणून लावता येते. मात्र ती हयात असेपर्यंत खाते तीच चालवू शकते, इथली कामे आपण करायची असतील तर मुखत्यारपत्र करून घ्यावे लागते. एनआरओवरील व्याजातून बँक ३० टक्के आणि वर उपकर कापते, त्यामुळे तिच्या नावे मोठी मुदत ठेव असेल तर तिचे काय करायचे ते आधीच ठरवावे. भविष्य निर्वाह निधीचे जुने खाते, ज्याला आपण पीपीएफ म्हणतो, मुदतीपर्यंत चालू ठेवता येते, पुढे वाढवता येत नाही.

हे न केल्याने काय होते याचे उदाहरण अमळनेर तालुक्यातल्या एका अभियंत्याचे आहे. तो नऊ वर्षे आखातात होता आणि दरमहा पगारातले पैसे इथल्या साध्या बचत खात्यात पाठवत होता. त्याच खात्यात वडिलांच्या कापसाचे पैसेही येत. पुढे त्याला त्यातली रक्कम परत बाहेर न्यायची वेळ आली तेव्हा परदेशातून आलेले किती आणि इथले किती, हे कोणालाच वेगळे काढता येईना. तो पहिल्यापासून एनआरई खाते, म्हणजे परदेशातल्या कमाईसाठी असलेले अनिवासींचे खाते, वापरत असता तर ती रक्कम मुक्तपणे बाहेर गेली असती आणि व्याजही करमुक्त असते. एनआरओमधून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत नेता येते, पण सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र आणि कर भरल्याचा पुरावा लागतो. त्याला चार महिने आणि दोन सनदी लेखापाल लागले. आपल्या मुलीला सध्या एनआरओ पुरे आहे. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते. त्या कमाईतून किंवा पुढे नोकरी लागल्यावर ती घरी पैसे पाठवू लागली की एनआरई उघडावे.

शेतकरी कुटुंबासाठी आणखी एक सूचना. अनिवासी व्यक्तीला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, वारसाने मिळाली तर चालते. आधी तिच्या नावे असलेले क्षेत्र तसेच राहते. तिच्या नावे चार बिघे घेण्याचा विचार मनात असेल तर हे ध्यानात ठेवावे.

प्राप्तिकराचा निवास हा वेगळा विषय आहे. सप्टेंबरच्या अखेरीस ती गेली तर त्या आर्थिक वर्षात ती भारतात साधारण सहा महिने राहिलेली असेल. नोकरीसाठी जाणाऱ्याला त्या वर्षी भारतात १८२ दिवसांहून कमी राहिल्यास अनिवासी धरण्याची जी सवलत आहे ती विद्यार्थ्याला नाही, त्यामुळे फेमाच्या दृष्टीने अनिवासी असूनही त्या पहिल्या वर्षी ती करासाठी निवासीच धरली जाण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर उत्पन्न शून्य असले तरी विवरणपत्र भरून श्पेरकोन्टो आणि गिरोकोन्टो यांची नोंद परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात करावी लागते. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात ही नोंद न केल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. स्थावर सोडून इतर मालमत्ता एकूण २० लाखांपर्यंत असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या दंडातून सूट आहे, पण सूट आहे म्हणून नोंद टाळू नये. या एका मुद्द्यासाठी सनदी लेखापालाची फी देणे परवडते.

निघण्यापूर्वी तिचा भारतीय मोबाइल क्रमांक बंद करू नका. इथल्या खात्याचा, पॅनचा, आधारचा प्रत्येक ओटीपी त्याच क्रमांकावर येतो. रोमिंग चालू करून, जर्मनीतही संदेश येतील एवढे किमान रिचार्ज करत राहावे. क्रमांक आपल्या किंवा भावाच्या नावावर असेल तर तो तिच्या नावे करून घ्यावा.

राहिला रोख रकमेचा प्रश्न. चलनी नोटांच्या रूपात एका प्रवासात ३,००० डॉलरच्या मोलापर्यंत नेता येते, आणि १०,००० युरो किंवा त्याहून अधिक असल्यास युरोपात शिरताना जाहीर करावे लागतात, पण आपल्याला त्या आकड्यांजवळही जायचे नाही. श्पेरकोन्टोतला पहिला हप्ता गिरोकोन्टो उघडल्यावरच सुटतो, म्हणजे पोचल्यापासून तीन ते सहा आठवडे तिला स्वतःजवळच्या पैशांवर काढायचे आहेत. त्यात पहिले भाडे, अनामतीचा पहिला हप्ता, विद्यापीठाची सत्र वर्गणी आणि रोजचा खर्च येतो. दोन ते अडीच हजार युरो बँकेच्या फॉरेक्स कार्डावर भरून द्यावेत, टीसीएसच्या दहा लाखांच्या हिशेबात तेही धरले जातात. नोटा पाचशे-सहाशे युरोच्या पुरेत, आणि त्या दहा, वीस आणि पन्नासच्या मागून घ्याव्यात. चलन बदलून देणारा दोनशेच्या नोटा पुढे करील, कारण त्याला मोजायला सोप्या जातात. पण बेकरीवाला किंवा बसचा चालक ती नोट घेत नाही, आणि ती सुटी करून घेण्यासाठी तिला ज्या बँकेत जावे लागेल त्या बँकेत तिचे खाते अजून उघडलेले नसेल.